गुडघ्यांना झेपणारं जंगल

केपोस, कोस्टा रिका
मंगळवार, रात्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शि. सा. न.

इथे रात्रीचे साडेआठ वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे बुधवारचे सकाळचे आठ. बाबा चहा घेऊन मोहोर कितपत टिकलाय ते बघायला कलमांत गेले असतील आणि आई, तू मागून 'निदान चपला तरी घाला' म्हणून ओरडत असशील. निखिल आणि इरा दमून झोपलेत. फोनवर तुम्हा दोघांना एकदम बोलायचं असतं आणि माझी मुख्य गोष्ट राहूनच जाते, म्हणून पत्र. दादा मोठ्या अक्षरात छापून आणून देईल.

मुख्य गोष्ट आधीच लिहिते. आई, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं ह्यूस्टनला आलात की आपण सगळे इथे यायचं. 'मला कसलं जंगल, मला दोन जिने चढवत नाहीत' हे तू म्हणणार, ते गृहीत धरूनच मी तीन दिवस इथे तुझ्या गुडघ्यांनी चालतेय.

मानुएल अँतोनियोचं राष्ट्रीय उद्यान पॅसिफिकच्या काठावर आहे. अगदी लहान, पण जंगल थेट वाळूपर्यंत येतं. दाराशीच पिशव्या तपासतात. आत खाण्याचं काही न्यायचं नाही, बिस्किटसुद्धा. मला ते माहीत होतं, पण आत्याबरोबर पाठवलेल्या तुझ्या डिंकाच्या लाडवांतले दोन माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होते, ते विसरले. रखवालदाराने डबी उघडली, वास घेतला, काही तरी विचारलं. माझं स्पॅनिश 'खाणं, आई' एवढंच. तो हसला, पण आत सोडेना. शेवटी फाटकाशी उभ्या उभ्या एक मी आणि एक इराने खाल्ला. मागे रांग.

आत गेल्यावर कळलं की त्याचं बरोबर होतं. पांढऱ्या तोंडाची माकडं आहेत, कापुचिन म्हणतात. बाबा, तुमचे वांदर यांच्यापुढे साधुसंत. वांदर निदान शहाळं फोडून टाकून जातो. यांच्यातल्या एकाने किनाऱ्यावर पोहायला गेलेल्या कुणाच्या तरी बॅगेची चेन ओढली, पूर्ण, सरळ, जशी आपण ओढतो तशी. मग एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली. टॉवेल, क्रीमची बाटली, मोजा. खायला काही निघालं नाही तेव्हा मोजा परत आत टाकून गेला. इरा दिवसभर तेवढंच सांगत होती.

दुसरी माकडं अगदी लहानखुरी, पाठीवर केशरी झाक. त्यांना इथे तिती म्हणतात. ती जगात फक्त याच देशाच्या पॅसिफिक बाजूला आणि पनामाच्या त्याला लागून असलेल्या कोपऱ्यात उरली आहेत. मधून रस्ता गेल्यामुळे त्यांचं जंगल तुटलं, विजेच्या तारांवरून जाताना ती मरायची. म्हणून लोकांनी रस्त्यावर दोरीचे पूल बांधलेत. आमच्या टॅक्सीवरून अशी अकरा गेली, दोघींच्या पाठीवर पिल्लं होती.

आता चालण्याचं. मुख्य वाट रुंद आणि सपाट आहे. शिवाय खारफुटीवरून फळ्यांचा उंच रस्ता केलाय, दोन्हीकडे कठडा. माझ्या पुढे एक आजोबा चाकाच्या खुर्चीतून चालले होते, नात ढकलत होती, कुठे अडखळणं नाही. दर थोड्या अंतरावर कुणी ना कुणी वर बघत उभं असतं, त्यामुळे थांबायला लाज वाटत नाही. इथे सगळेच थांबतात.

स्लॉथ, म्हणजे झाडावर लटकून राहणारा तो अतिसंथ प्राणी, असाच थांबून दिसला. गाईडने तिकाटण्यावरची दुर्बीण रोखून दिली नसती तर मला ते झाडावर अडकलेलं पोतं वाटलं असतं. त्याने पोट खाजवलं. आई, एक हात वर न्यायला त्याला इतका वेळ लागला की माझाच हात शिवशिवायला लागला. तीन लांब नखं, त्यांनी हळूच केस विंचरल्यासारखं केलं. केस हिरवट, कारण त्यांत शेवाळ वाढतं, आणि त्या केसांत पतंगही राहतात. साधारण आठवड्यातून एकदा तो झाडावरून खाली उतरतो, तोही फक्त शी करायला. मान मात्र अशी वळते की पाठ न हलवता मागचं सगळं बघून घेतो. स्पॅनिशमध्ये त्याचं नावच 'आळशी' असं आहे. निखिलचे रविवार मी त्याच नावाने नोंदवून ठेवलेत.

किनाऱ्यावर बदामाची झाडं आहेत, आपल्या शाळेच्या आवारात होतं तेच बदाम. इथलं नव्हे ते मूळचं, आपल्या बाजूनेच आलेलं. येताना वाटेत तार्कोलेस नदीजवळ थांबलो होतो. पुलाखाली मगरी पडून होत्या, पण मी बघत राहिले ते बदामावरचे लाल मकाव पोपट. चोचीत फळ फिरवायचे, कट् आवाज करायचे आणि टरफलं खाली माणसांच्या डोक्यावर. आपण ती फोडायला दगड शोधत फिरायचो.

एका झाडापासून मात्र लांब राहायचं, मांसानीयो. फळ दिसायला छोटं पेरूसारखं, चीक बिब्ब्याचा थोरला भाऊ. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंग भाजतं. पाट्या लावल्यात.

ओहोटीला पाण्यात दगडांची अर्धगोल रांग दिसते. कोलंबसाच्या आधीच्या लोकांनी कासवं धरायला ती रचली. भरतीला कासव आत यायचं, ओहोटीला दगडांमागे अडकायचं. वेळासला आपण पिल्लं समुद्रात सोडलेली बघितली, तेव्हा आई तू रडली होतीस. मी इराला ते सांगितलं, तर तिने विचारलं, 'मग त्या दगडांवर आजी ओरडली असती का?'

बाबा, हे तुमच्यासाठी. हे उद्यान १९७२ चं. त्याआधी ही जमीन बाहेरच्या मालकाकडे होती, त्याने किनाऱ्याची वाट फाटक घालून बंद केली. गावकऱ्यांनी फाटक मोडलं. पुढे १९७७ च्या कायद्याने भरतीच्या रेषेपासून ५० मीटरचा पट्टा सगळ्यांचा केला. आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं, पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. तुमचं उत्तर मला इथे ऐकू आलं.

धबधब्याचं खरं सांगते. उद्यानात धबधब्याची एक वाट आहे, पण फेब्रुवारीत तो म्हणजे आपल्या पागोळीची धार. मंगळवारी उद्यान बंद असतं, म्हणून आज डोमिनिकाल गावाच्या पुढे नाउयाका धबधब्याला गेलो. दोन टप्पे, वरचा ४५ मीटर, खालचा २०. आम्ही गाडीच्या मागच्या हौद्यात उभे राहून गेलो, हाडं खिळखिळी झाली. पाणी गार, डोहात उतरल्यावर पहिला श्वास घशातच अडकतो. इरा दगडावरून उडी मारायचा हट्ट करून रडली, मी नाही म्हटलं. निखिलने मारली आणि चष्मा डोहात घालवला. हे तुला नाही, आई. तू त्या दिवशी हॉटेलात बसून समुद्र बघायचास.

जेवणाची काळजी करू नकोस. भात आणि काळ्या राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचं मिश्रण सकाळीच देतात, गायो पिंतो. फोडणी नाही, तिखट नाही. लोणचं आणायचं.

तुमचा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे तोवर इथे वेगळा लागत नाही. पासपोर्टची तारीख मात्र बघा, बाबांचा यंदा संपतोय असं वाटतं. वाडीकडे बघायचं दादाने कबूल केलंय. डिसेंबर ते एप्रिल इथे कोरडा हंगाम असतो. आंब्याआधी परत जायचं म्हणजे जानेवारीच.

आणि आई, डॉक्टरांनी गुडघ्याच्या एक्स-रेवर काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. 'ठीक आहे' हे उत्तर नको. रिपोर्ट दादाला फोटो काढून पाठवायला सांग.

इराचा गोड पापा.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, कापुचिनवर गोफण चालत नाही. मी गाईडला विचारलं.