चिंचोका सरकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

इंग्रजी शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तेव्हा मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला नवा होतो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला मेल टाकला, 'वुई विल डिस्पॅच द कास्टिंग्ज अंटिल फ्रायडे.' मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत माल निघेल. त्यानं वाचलं, शुक्रवारपर्यंत माल पाठवत राहू, पुढं बंद! त्याचा फोन आला, साहेबांनी केबिनच्या काचेतून माझ्याकडं पाहिलं, आणि संध्याकाळी मी मेलची प्रिंट घेऊन तुमच्या दारात उभा.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घोळ तुझा नाही रे, 'पर्यंत'चा आहे." मराठीत एकटा 'पर्यंत' दोन्ही कामं ओढतो. इंग्रजीत त्याची वाटणी झालीय. 'नऊपर्यंत घरी ये' म्हणजे मुदतीच्या आत एकदा काम उरकायचं, तिथं 'बाय'. 'दुकान नऊपर्यंत उघडं असतं' म्हणजे तोवर चालूच, तिथं 'अंटिल'. जर्मनांचा 'बिस'सुद्धा आपल्या 'पर्यंत'सारखाच दुहेरी आहे आणि तेही इथंच अडखळतात, हे सांगितलंत तेव्हा माझी निम्मी लाज गेली.

पण खरी शिकवणी झाली ती 'ओन्ली'ची. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलंत, 'आय पेड हिम ऑन सॅटर्डे'. मग डब्यातला एक चिंचोका काढलात आणि म्हणालात, हा ओन्ली. 'आय'च्या पुढ्यात ठेवला: मीच दिले, बाकी कुणी हात खिशात घातला नाही. 'हिम'च्या पुढ्यात: त्यालाच दिले, इतर बोंबलत बसले. 'ऑन'च्या पुढ्यात: शनिवारीच दिले, त्याआधी दमडी नाही. आपला 'च' शब्दाला मागून चिकटतो, त्यांचा ओन्ली पुढं उभा राहतो. आपण 'आय केम टुडे ओन्ली' का म्हणतो, ते मला त्या चिंचोक्यानं दाखवलं. आपण त्याला 'च'च्या जागी नेऊन बसवतो. हा शब्द मुळात 'वन'पासूनच आलेला, 'एकासारखा' अशा अर्थाचा, हेही तेव्हाच कळलं.

मी लगेच कडक झालो, इंग्रजांच्याही चुका काढायला लागलो. तेव्हा तुम्ही कान पिळलात. बोलताना ते ओन्ली खुशाल क्रियापदाआधी टाकतात आणि कुठल्या शब्दावर जोर दिला त्यावरून अर्थ कळतो. त्यावरून नाकं मुरडणाऱ्यांना, इंग्रजी कसं वापरावं याचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्येच फटकारलं होतं म्हणे. "पण पैशाच्या कागदात," तुम्ही म्हणालात, "चिंचोका ज्याचा त्याच्यापुढंच ठेव."

बाकीचं येता-जाता झालं. 'अप टू ५ टक्के' सूट म्हणजे शून्य टक्केही त्यात बसतं. साखरेचा डबा पुढं करून 'अ लिटल' म्हणजे चहापुरती आहे. नुसतं 'लिटल' म्हणजे नाहीच म्हण, पिशवी घेऊन नीघ.

आणि आता कारण सांगतो, आजच हे का लिहायला बसलो. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा मेल आला, 'पेमेंट इज ऑल बट अप्रूव्ह्ड.' शेजारच्या टेबलावरच्या नव्या पोरानं वाचलं, 'ऑल अप्रूव्ह्ड', आणि गाडी भरायला सांगितली. मला तुमचा आवाज ऐकू आला: 'ऑल बट' म्हणजे होत आलंय, झालेलं नाही. गाडी गेटवर थांबवली आणि फोन लावला. खरंच, शेवटची सही बाकी होती. ती आठ दिवसांनी झाली, मग माल सोडला. साहेबांनी काचेतून पुन्हा पाहिलं, पण या वेळी मान हलवली.

त्या पोराला शनिवारी घेऊन येतो. चिंचोके काढून ठेवा. साखर 'लिटल' असेल तर फोन करा, येताना आणतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा