आपली नारूची फिल्म

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझी दोन पत्रे आली आणि माझ्याकडून एकाचेही उत्तर गेले नाही, तेव्हा तू रागावला असशील तर तो राग रास्तच आहे. माझी प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे पूर्वीसारखेच. आज लिहायला बसलो ते एकाच कारणासाठी. आपली नारूची फिल्म, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या त्या जंताच्या रोगावर शाळेत दाखवलेली सरकारी फिल्म, मला सापडली आहे, निदान तिचा बराच भाग सापडला आहे, आणि ही बातमी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

लातूरला एक गृहस्थ आहेत. त्यांनी उमेदीच्या वयात टुरिंग टॉकीजचा धंदा केला. पुढे तंबू विकला, मशिनेही विकली, पण फिल्मचे डबे घरात ठेवले. त्यांत सोळा मिलिमीटरचे काही सरकारी माहितीपट आहेत, असे मला ड्रॉइंगच्या सरांच्या धाकट्याने सांगितले आणि मी तिकडे गेलो. डब्याचे झाकण उघडताच असा आंबूस वास सुटला की त्यांच्या सूनबाईंनी धावत येऊन खिडक्या उघडल्या. फिल्म आकसलेली होती. मशिनवर चढवली असती तर मशिनचे दाते तिच्या भोकांत नीट बसले नसते आणि ती फाटली असती, म्हणून त्यांनी ती हाताने फिरवायच्या दोन चक्रांवर लावली आणि मी खाली दिवा धरून भिंगातून एकेक चौकट पाहत गेलो. आधी बारव, ती पायऱ्यांची विहीर, दिसली. मग पायऱ्या उतरणारा माणूस, त्याच्या घोट्यावरचा फोड आणि पाण्यात बुडालेला पाय. पुढे काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बाहेर काढलेला तो हातभर लांब नारू, आणि घागरीच्या तोंडाला फडके बांधणारी परकरातली मुलगी. सुभाष, माझा हात थरथरू लागला तेव्हा भिंग त्या गृहस्थांनी धरले.

परकराच्या रंगावरून आपण किती भांडलो आहोत! तो लाल होता असे तू शपथेवर सांगायचास, आणि सगळी फिल्मच लाल होती असे माझे म्हणणे असायचे. आता निकाल लागणे कठीण आहे, कारण त्या काळच्या रंगीत फिल्ममधला निळसर थर लवकर विटतो, गुलाबी तेवढा मागे राहतो, आणि या फिल्ममध्ये बारवेचे दगड, आभाळ, डॉक्टरांचा पांढरा कोट सगळेच गुलाबी झालेले आहे. १९८५ साली आपल्या शाळेच्या भिंतीवर ती किती विटलेली होती, हे आता कोण सांगणार? प्रोजेक्टरच्या उजेडात बोटांचे हरीण नाचवून तू फील्ड पब्लिसिटी या सरकारी प्रचार खात्याच्या ऑपरेटरच्या शिव्या खाल्ल्यास, ते हरीण मात्र काळेच होते, याबद्दल आपले दुमत नसावे.

खरी चिंता आवाजाची आहे. सोळा मिलिमीटरच्या बोलक्या फिल्मला एका कडेने भोके असतात आणि दुसऱ्या कडेने ध्वनीची बारीक पट्टी असते. ती पट्टी मी भिंगातून पाहिली. कोणी बोलत असले की ती दातेरी होते, गप्प झाले की सरळ होते. पण कोणत्या भाषेत बोलते आहे, हे काही डोळ्यांना कळत नाही. चित्र एकच असायचे आणि त्यावर हिंदी, इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू असे निरनिराळे आवाज चढवून वेगवेगळ्या प्रती निघायच्या. लातूरपासून बीदर किती लांब आहे, तूच सांग. हा डबा कन्नडचाही असू शकेल. फिल्मच्या सुरुवातीला सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची जी चौकट असते, तीवर नाव, भाषा, लांबी सगळे लिहिलेले असते, पण नेमका तोच तुकडा नाही. दर खेळाला ओढली जाऊन आधी झिजते ती फिल्मची सुरुवातच. चारशे फुटांच्या रिळात अकरा मिनिटे मावतात, त्यातली पहिली दोन तरी गेली असावीत.

मला चित्र नको आहे असे नाही, पण मी शोधत होतो तो आवाज. तो रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यांचा नव्हता. एक म्हातारी बाई चुलीपुढे बसून सांगावे तशी सांगत होती: रोगी पाण्यात उतरला की त्याच्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात सुटतात, ती सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा खातो, तो किडा आपण घोटाबरोबर पितो, आणि वर्षभराने आपल्याच पायातून नारू डोके काढतो. हेच सगळे आरोग्य केंद्रातले डॉक्टर गावाला दोन वर्षे सांगत होते आणि तुझे अण्णा त्यांना हसत होते. त्या रात्री मात्र अण्णा फिल्म संपायच्या आत उठून गेले, आणि त्यानंतर त्यांनी बारवेत पाय ठेवला नाही. ते कशामुळे उठले हे तुझ्या घरात कोणी बोलले नाही आणि मीही कधी विचारले नाही, पण त्या उन्हाळ्यात तुझ्या आक्काला आणि वरच्या आळीतल्या तिघांना नारू झाला होता, हे आपण दोघेही जाणतो. दुसऱ्या दिवशी माझ्या आईने घागरीला दुहेरी फडके बांधले. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले तेव्हा अण्णा नव्हते, आणि वर्तमानपत्राचे ते कात्रण तू मला पाठवलेस त्यावर एक अक्षरही लिहिले नव्हतेस.

म्हणून माझा जीव त्या पट्टीत अडकला आहे. विजया मुळ्यांची ‘एक अनेक और एकता’ ही १९७४ ची मुलांसाठीची कार्टून फिल्म आज कोणत्याही मुलाला मोबाइलवर क्षणात मिळते, कारण ती दूरदर्शनवर वर्षानुवर्षे लागत राहिली. गाडीतून गावोगाव फिरून झिजलेल्या मराठी प्रतींना असे भाग्य नव्हते. शिवाय त्यांची विचारपूस करावी अशी दारेही बदलली आहेत. फील्ड पब्लिसिटी २०१७ साली दुसऱ्या कार्यालयात विलीन झाली. तू वर्गाला दाखवायचास ती शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम काढणारी बालचित्रवाणी त्याच वर्षी बंद झाली. सरकारी माहितीपट काढणारी, १९४८ पासून चाललेली फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, गेली. मी जुन्या याद्या चाळल्या. त्या नावांवरून लावलेल्या असतात, आणि आपल्याला आठवते ती म्हातारी, नाव नाही. फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचा वेल वाढताना रोज थोडा थोडा चित्रित केला, म्हणजे आपल्याकडे कथेच्या चित्रपटाआधी शिकवणारी फिल्म आली. मग तिला असे अनाथ का व्हावे लागते, याचा मला संताप येतो.

वेळही थोडा आहे. तो आंबूस वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागल्याची खूण. एकदा सुरू झाले की ते वाढतच जाते आणि शेजारच्या डब्यांनाही लागते. थंड कोरड्या जागेत ते मंदावते, थांबत नाही. हल्लीचे काही स्कॅनर दात्यांशिवाय चालतात, त्यांना आकसलेली फिल्म झेपते, आणि ध्वनिपट्टीचेच चित्र घेऊन त्यातून आवाज काढता येतो. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. डबा शेवटी तिथेच जावा असे मला मनापासून वाटते. पण ते गृहस्थ डबा घराबाहेर काढायला तयार नाहीत. पूर्वी कोणीतरी दाखवायला म्हणून नेलेली रिळे परत आली नाहीत, तेव्हा त्यांचे हे धरून बसणे मला चूक म्हणवत नाही. तू ये. तुझ्या सासुरवाडीचे त्यांच्याकडे जाणे-येणे आहे असे त्यांच्या बोलण्यातून कळले, आणि माणसाशेजारी तासभर गप्प बसून त्याला राजी करण्याची कला आपल्या दोघांत तुझ्याकडेच आहे.

आणखी एक काम कर. आवाज निघण्यापूर्वी आक्काला त्या रात्रीचे जे आठवते ते तिच्याच शब्दांत लिहून घे, माझे हे पत्र तिला न दाखवता. आवाज मराठी निघाला तर पडताळून पाहता येईल. तो कन्नड निघाला, तर मराठीतले जे काही उरेल ते तिने सांगितलेले तेवढेच, म्हणून यात दिरंगाई नको. अण्णांबद्दल ती काही बोलली तर ते लिहायचे की नाही, हे तू ठरव.

सुमनचे लग्न ठरल्याचे वाचून फार आनंद झाला. मंडळी चांगली आहेत असे तूच लिहितोस, मग प्रश्नच नाही. बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार सांग.

त्या गृहस्थांना मी पौर्णिमेनंतर येतो असे सांगून आलो आहे. तुला कोणता वार जमेल ते फोनवर कळव, पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

तुझा,
दिलीप