समुपदेशक नेमा, पण वेतनश्रेणी ठरवून

महोदय,

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी दिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्यामुळे निर्देशाच्या गरजेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. नेमलेल्या व्यक्तीला पगार किती आणि तो कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र आपल्या शिक्षक संघटनांनीही अद्याप धसास लावलेला नाही.

अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत, समुपदेशकाचे स्वतंत्र पद नाही. परिणामी संस्था आपापल्या ऐपतीप्रमाणे मानधन ठरवतात. मी मुख्याध्यापक असताना आमच्याकडे मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या एक बाई तासिका तत्त्वावर येत असत. मानधन जून ते मार्च एवढेच. क्रीडासाहित्याच्या खोलीत, कॅरमबोर्डांच्या थप्पीशेजारी दोन खुर्च्या टाकून त्या मुलांशी बोलत आणि परीक्षा आल्या की नेमक्या त्याच दिवसांत त्यांना पर्यवेक्षणाला जुंपले जाई. पुढे त्या एका खासगी दवाखान्यात रुजू झाल्या, यात त्यांचा काय दोष? ज्या मुलांनी मोठ्या मुश्किलीने तोंड उघडले होते, त्यांना मात्र पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांच्या सेवेतील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांची ‘असोसिएशन ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट्स’ ही स्वतंत्र कामगार संघटना असून त्यांचे वेतन सोलबरी समितीत वाटाघाटींनी ठरते. विशेष गरजा असलेल्या मुलाचा शिक्षण आराखडा वीस आठवड्यांत पूर्ण व्हावा आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचा अभिप्राय घ्यावा, असे तेथील कायदा सांगतो. परंतु वेतन महागाईच्या मागे पडले, तर अनुभवी माणसे परिषद सोडून खासगी व्यवसायाकडे वळतात आणि मुले प्रतीक्षायादीत अडकतात, हेच संघटनेचे म्हणणे आहे. पगारवाढीची मागणी म्हणजे स्वार्थ, असे आपल्याकडे चटकन म्हटले जाते, म्हणून हा दाखला दिला.

आपल्याकडे शाळेत एखादाच समुपदेशक, तोही कंत्राटी. एकटा माणूस भांडणार कोणाशी? म्हणून जुनी पेन्शन आणि टप्पा अनुदान (शाळांना टप्प्याटप्प्याने मिळणारे वेतन अनुदान) यांच्या जोडीला शिक्षक संघटनांनी व शिक्षक मतदारसंघांतील आमदारांनी ही मागणीही हाती घ्यावी. संचमान्यतेत समुपदेशकाचे पद समाविष्ट करावे, प्रशिक्षित पदवीधर शिक्षकापेक्षा कमी नसलेली वेतनश्रेणी आणि बाराही महिन्यांचे वेतन द्यावे, तसेच कमी पटाच्या शाळांसाठी केंद्र पातळीवर (म्हणजे परिसरातील शाळांच्या समूहासाठी) एक सामायिक पद मंजूर करावे. शासनाने येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा