फोरमनला विसरू नका

संपादक साहेब, नमस्कार. बॉक्सिंग म्हटलं की आपल्याकडं सगळे अली नि टायसनवरच थांबतात, जॉर्ज फोरमनचं नाव कुणी काढतंय का? १९७३ ला त्यानं तेव्हाच्या जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन राऊंडमधे सहा वेळा खाली पाडलं, पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात अलीनं रिंगच्या दोरीला टेकून टेकून ह्यालाच दमवलं आणि आठव्या राऊंडला झोपवलं. मग १९७७ ला बॉक्सिंग बंद, चर्चमधे प्रवचनं, दहा वर्षं रिंगमधनं गायब! परत आला तर पोट सुटलेलं, लोक हसले की वो. आणि १९९४ ला तेव्हाच्या जगज्जेत्या मायकेल मूररचा नऊ राऊंड मार खाऊन दहाव्यात उजव्या हाताचा ठोसा, विषय संपला, वय ४५. आम्ही चाळिशीतच जिना चढताना धापा टाकतोय.

– एक वाचक, जुळे सोलापूर