बॅक्टेरियांना फुकटचं श्रेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात इंदूरच्या देवगुराडियातल्या, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या बायो-सीएनजी प्लांटवर आपण अर्धं पान दिलंत. फोटो झकास आहेत. मात्र मजकुरात ‘मिथेन तयार करणारे बॅक्टेरिया’ असं तीनदा छापलंय आणि तिन्ही वेळा ते चूक आहे. एकदाच असतं तर चहाबरोबर गिळलं असतं.

मिथेन तयार करतात ते आर्किया, म्हणजे दिसायला बॅक्टेरियांसारखेच एकपेशीय, पण वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. टाकीत बॅक्टेरिया नसतात असं नाही, भरपूर असतात. सालपटं, शिळी पोळी, उरलेले पोहे कुजवून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड इथवर गाडं तेच आणतात. पण त्यातून जळणारा गॅस काढायचं शेवटचं काम मेथॅनोजेनांचं, आणि मेथॅनोजेन सगळे आर्किया. ऑक्सिजन त्यांना विषासारखा, म्हणून तर टाकी हवाबंद ठेवावी लागते. रोजचा ५५० टन ओला कचरा, फेब्रुवारी २०२२ मधलं पंतप्रधानांच्या हस्ते झालेलं उद्घाटन, सगळं आपल्या वार्ताहरांनी बिनचूक लिहिलं. ज्यांच्या जिवावर प्लांट चालतो त्यांचं कुळ तेवढं चुकवलं.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असं वाटेल. तर ऐका. माझी नात अकरावीत आहे, बायोलॉजी घेतलंय. शाळेचं नाव लिहीत नाही, पोरीला तिथेच शिकायचंय. सहामाहीत प्रश्न होता, शेणापासून गॅस कोण तयार करतं? तिने लिहिलं, ‘मेथॅनोजेन. हे आर्किया आहेत, बॅक्टेरिया नव्हेत.’ दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ, समासात प्रश्नचिन्ह, आणि गुण अर्धे. पालकसभेला सूनबाईबरोबर मीही गेले. मॅडम गोड बोलतात. ‘आजी, आम्हाला सिलॅबसप्रमाणेच तपासावं लागतं.’ मी एनसीईआरटीचं पुस्तकच उघडून पुढे ठेवलं. त्यात हे जीव अजून मोनेरा नावाच्या सृष्टीत बॅक्टेरियांच्या दावणीला बांधलेले आहेत, हे कबूल. पण सजीवांच्या तीन अधिक्षेत्रांचा, म्हणजे बॅक्टेरिया, आर्किया आणि बाकी सगळे अशा तीन मोठ्या कुळांचा, उल्लेखही त्याच धड्यात आहे. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला, आणि ‘बघते’ म्हणाल्या. म्हणजे गाडी रुळावर येत होती. आणि काल सकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमनी आपल्या बातमीचं कात्रण टाकलं! खाली हात जोडलेली इमोजी. ‘पेपरात आलंय’ म्हटल्यावर आजीची काय टाप?

मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवत होते, तेव्हा थोडं सांगण्याचा अधिकार आहे. हा वाद काही काल-परवाचा नाही. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्कियांचं कुळ वेगळं आहे हे १९७७ सालीच दाखवून दिलं होतं. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचे तुकडे करायचे, किरणोत्सारी फॉस्फरसमुळे फिल्मवर उमटलेले ठिपके डोळ्यांनी जुळवत बसायचे. मेथॅनोजेन वाढवून दिले ते त्याच इलिनॉय विद्यापीठातल्या राल्फ वुल्फ यांनी. एकूणएक बॅक्टेरियांत सापडणारे काही तुकडे या महाशयांत नव्हतेच. बातमी फुटल्यावर साल्व्हादोर लुरिया यांनी, म्हणजे चक्क नोबेलवाल्यांनी, वुल्फना फोन करून या खुळचटपणापासून लांब राहा असं बजावलं होतं. तेव्हा आमच्या मॅडमना मी फार दोष देत नाही.

पण पुढे १९९६ मध्ये एका मेथॅनोजेनचा अख्खा जीनोम वाचला गेला, आणि डीएनएची नक्कल करणारी, आरएनए लिहिणारी त्याची जनुकं बॅक्टेरियांपेक्षा आपल्यासारखी निघाली. २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रतळाच्या गाळातून लोकीआर्किया हाती लागले, आपल्यासारख्या पेशींशी जवळचं नातं सांगणारे आर्किया. आता तर झाडं, बुरशी, माणूस यांचा मूळपुरुषच आर्कियांच्या एका शाखेतला असावा, असं बरेच जाणकार मानतात. म्हणजे आपल्या वार्ताहरांनी स्वतःच्याच भाऊबंदांना परक्यांच्या पंगतीला बसवलं. इंदूरकर ओला-सुका कचरा घरातच वेगळा करतात, सुनेच्या हातून एक साल निळ्या डब्यात पडलं तरी गाडीवाला दारात उभं करून ऐकवतो. आणि पेपराने दोन अधिक्षेत्रं एकाच डब्यात टाकली तरी चालतं, हे काही पटत नाही.

शुद्धिपत्र छापावं ही विनंती. तेही आठव्या पानाच्या तळाशी, निविदासूचनांच्या खाली, भिंगाने शोधावं लागेल असं नको. बातमी होती त्याच पानावर द्या, ठळक अक्षरांत, म्हणजे मलाही ग्रुपवर काहीतरी टाकता येईल. सहामाहीचे गुण वार्षिक निकालात धरतात, त्याआधी आलं तर उत्तम.

जाता जाता. रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी देऊ असं छापता आणि मंगळवारीही देत नाही. आमचे हे आडवा सात अडल्यामुळे घरात कुणाशी नीट बोलत नाहीयेत. तेवढंही बघावं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
लोकमान्य नगर, इंदूर