गोट्याचं कुठलं टोक मोजलंस?

आदरणीय मॅडम,

गोट्यांच्या लांब अक्षांच्या दिशा घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा माझा निष्कर्ष लिहूनही झाला होता. दिशा वर्तुळभर एकसमान विखुरलेल्या आहेत, प्रवाहाने गोटे एका दिशेला लावल्याचा मागमूस नाही. दिशा एका बाजूला झुकल्या आहेत का हे तपासणाऱ्या रेले चाचणीचं पी-मूल्य, म्हणजे दिशा एकसमान असतानाही निव्वळ योगायोगाने निदान एवढा झुकाव दिसण्याची शक्यता, ०.६८ आलं होतं. तुम्ही त्या आकड्याकडे पाहिलंच नाहीत. "गोट्याचं कुठलं टोक मोजलंस?" एवढंच विचारलंत. जे समोर आलं ते, असं मी म्हणालो. "मग ३० अंश आणि २१० अंश यांत फरक काय?"

मग तुम्ही कागदावर बाण काढत गेलात, सगळे सारख्या लांबीचे, एकाच्या टोकाला दुसरा. एकाच दिशेचे बाण असले की साखळी दूर जाते, विखुरलेले असले की सुरुवातीपाशीच घुटमळते. साखळीने कापलेलं सरळ अंतर भागिले बाणांची संख्या, ही परिणामी लांबी. रेले चाचणी तेवढीच बघते. समोरासमोरचे बाण मात्र एकमेकांना खोडतात. माझ्या ६० गोट्यांत हेच होत होतं आणि लांबी उरली होती जेमतेम ०.०८.

तुम्ही सगळे कोन दुप्पट करायला लावलेत. ३० चे ६० झाले, २१० चे ४२०, म्हणजे पुन्हा ६०. लांबी ०.४२ वर गेली. तिचा वर्ग गुणिले ६०, साधारण १०.६; ई (सुमारे २.७१८ हा गणितातला स्थिरांक) चा उणे तेवढा घात केला की पी-मूल्य लाखात दोन-तीन इतकं खाली. तीच मोजणी, तेच गोटे! त्या दुपारी मला खरोखर भरून आलं होतं.

दिशांची गर्दी एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे शिखरं अनेक, असू शकतील तिथे कायपरची (१९६०) किंवा वॉटसनची (१९६१) चाचणी घ्यायची, हेही तुमच्याचकडून कळलं. शून्य अंश कुठेही धरला तरी त्यांचं उत्तर हलत नाही. घाईत असूनही तुम्ही हे दोनदा समजावलंत.

आता गोट्यांचा कलही, म्हणजे आडव्या पातळीशी होणारा कोन, मोजतोय, म्हणजे दिशा वर्तुळावरून गोलावर गेल्या. कोन दुप्पट करणं तिथे चालत नाही, म्हणून अक्षांसाठी असलेली बिंगहॅम चाचणी निवडली आहे, आणि यावेळी मोजायला बसण्याआधीच.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचा विद्यार्थी