वादळ किनाऱ्यावर, पाणी मराठवाड्यात : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार होत असल्याची बातमी मराठवाड्यात अजूनही परमुलखाची बातमी म्हणून ऐकली जाते. वास्तविक २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, जमिनीवर त्याचा वारा मंदावला, पण त्याने आणलेले बाष्प तेलंगणमार्गे आमच्यापर्यंत पोहोचले आणि २८ तारखेला मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने ओमानवर धडकले. समुद्र न पाहिलेली आमची गावे वादळाच्या वाटेवर आहेत, हे यावरून मान्य व्हावे.

वादळ पूर्व किनाऱ्यावर आल्यापासून आमच्याकडे पाऊस सुरू होईपर्यंत एखादा दिवस, फार तर दीड दिवस मिळतो. या वेळात घरोघरी काय करावे, हे सांगणारी सूचना मराठवाड्यातील घरे, गोठे आणि आखाडे (शेतावरची राहण्याची जागा) डोळ्यांसमोर ठेवून तयार करावी, एवढीच या पत्राची मागणी आहे. होड्या बांधून ठेवण्याचा आणि खिडक्यांची तावदाने जपण्याचा सल्ला कोकणात योग्यच आहे. आमच्याकडे संकट डोक्यावरच्या छपरापासून सुरू होते.

आमच्या वाड्या-तांड्यांवर पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. म्हणून इशारा मिळताच दगड उतरवून घ्यावेत, पत्रे वाशांना तारेने आवळावेत आणि ढिले झालेले हुक बदलावेत, असे सरकारने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. माळवदांची, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेल्या सपाट छपरांची, गोष्ट याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगड-मातीच्या भिंती आणि जड छप्पर यांचा धोका दाखवून दिला, तरीही अशी घरे आजही वापरात आहेत. झड लागली की माळवदाची माती पाणी पिऊन जड होते. गळती थांबवण्यासाठी ऐन पावसात वर आणखी माती टाकली तर भार वाढतो. आणि पाऊस उघडल्यानंतरही भिजलेली भिंत ढासळू शकते. ऊन पडले म्हणून लगेच अशा घरात झोपायला जाऊ नये, हे वाक्य सूचनेत ठळक असावे.

उपसागरातील वादळांचा मोठा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि त्याच्या सुरुवातीलाच आमचे सोयाबीन कापून वावरात पडलेले किंवा बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) लावून मळणीची वाट पाहत असते. बनीम ओढ्याकाठी न लावता उंचवट्यावर लावावी आणि ताडपत्रीच्या कडा दाबून चहूबाजूंनी पाण्याला चर द्यावा, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्याला हवी असते ती वेळ. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवणे, पिण्याचे पाणी आधीच भरून घेणे, बॅटरी व मोबाइल चार्ज करणे ही कामे तासाभरात होतात. पुराचे पाणी गोठ्यात शिरण्याची शक्यता असेल तर जनावरांची दावी सोडावीत आणि त्यांना विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला मुळीच बांधू नये.

एका महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. नुकसानीनंतर मंडळापर्यंत उतरणारी ही यंत्रणा इशाऱ्याच्या वेळी मात्र अख्ख्या जिल्ह्याला पिवळा, नारिंगी किंवा लाल असा एकच रंग देऊन थांबते, हे मला खटकते. शिवाय मोबाइलवरील संदेश आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा भोंगा आणि कोतवालाची दवंडी वापरावी. धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, या आकड्याचा काठावरच्या माणसाला उपयोग नाही. पाणी आपल्या गावाच्या पुलाला किती वाजता लागेल, एवढे त्याला कळले पाहिजे.

सूचनेचा मसुदा मंत्रालयात न लिहिता गावात काम करणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याला, महावितरणच्या लाइनमनला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचाऱ्याला सोबत बसवून लिहावा, आणि प्रत्येक गावाच्या प्रतीत दोन गोष्टी नावानिशी असाव्यात : रात्री घर सोडायची वेळ आली तर कोणत्या पक्क्या इमारतीत जायचे, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक शेतकरी